चाचणीतलं स्थळ

बंगळूर,
१२ नोव्हेंबर २००६

ती. अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा दंडवत. चकल्यांचा डबा ऑफिसात उघडला आणि माझ्या वाट्याला नुसता चुरा आला. पुढच्या दिवाळीला दोन डबे दे, एक कुलपाचा.

आता कामाचं. तुमच्या वधू-वर मंडळाच्या दौंडच्या ऑफिसात तो जो जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, त्यावर मी दिवाळीत लिनक्स चढवून ठेवलंय. म्हणजे तो आता सर्व्हर झाला, त्याला यापुढं डबडं म्हणायचं नाही. सोबत सीडी पाठवतोय. त्यात स्थळांच्या नोंदणीचा प्रोग्राम आहे. फुकट आहे आणि त्याचा सगळा कोड उघडा आहे, आपल्याला हवा तसा बदलता येतो. सोपानराव अध्यक्ष झाल्यापासून स्थळांच्या फायली बगलेत मारून फिरतायत, त्यांची एकदाची सुटका होईल.

सीडीतलं सगळं फोल्डर सर्व्हरच्या फोल्डरात कॉपी कर. मग ब्राउझरमध्ये पत्ता टाकलास की इन्स्टॉलचं पान येईल. ते डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड विचारील. तीनही मागच्या पानावर लिहिलेत, आहेत तस्से टाक. अडलीस तर कुठं माशी शिंकली ते नीट लिही. 'चालत नाही' एवढंच लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

माझ्या भाचीला, पूनमला पापा. ती पहिलीत काय उद्योग करते ते कळव.

तुझा,
इंद्रा

---

इनामगाव,
२७ नोव्हेंबर २००६

चि. इंद्रजीत यास अनेक आशीर्वाद.

तुझी सीडी पोचली. यापुढंही पत्र माझ्या मैत्रिणीच्या, हर्षदाच्याच पत्त्यावर पाठव, ती रेल्वे कॉलनीतून ऑफिसात आणून देते. मंडळाची मेल सोपानराव उघडतात आणि आल्यागेल्याला मोठ्यानं वाचून दाखवतात. घरचा फोन आबांच्या उशाशी. आणि फोनवर तू कमांड सांगायला लागलास की मला उतरवून घेता येत नाहीत.

तुझ्या सर्व्हरनं मला चार दिवस रडवलं. पहिल्यांदा पान पांढरंफटक. सोपानराव म्हणाले, "अनिता, ह्ये काय साधायचं न्हाई, फायलीच बऱ्या." मला राग आला. सीडीतली माहितीची फाईल डिक्शनरी घेऊन वाचत बसले, तवा कळलं की फोल्डरला लिहायची परवानगी द्यायची राहिली होती. ती दिली आणि पान आलं. इतका आनंद झाला की हर्षदाला चहा पाजला. पण नाव मराठीत टाकलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. त्याला काय करायचं?

आणखी एक. बाईचं नाव, गाव, पत्ता कुणालाही दिसता कामा नये. नुसता नंबर दिसावा, आणि दोन्हीकडून होकार आला तरच नावं कळावीत. असं करता येईल का? फायलीतले फोटो माणसं चहा पीत चघळत बसतात, ते मी रोज बघते.

घरी बरं आहे. ऊसतोड सुरू झालीय, रस्त्यानं गाड्यांची रांग, त्यामुळं दौंडला पोचायला जीपला उशीर होतो. आबा मला कामाला जाऊ देतात, हेच पुष्कळ म्हणायचं. ह्यांना जाऊन तीन वर्षं होत आली. ह्यांच्या माघारी आबा सासरे असून मला कधी टाकून बोलले नाहीत. अत्याबाई मात्र नवी साडी नेसले की सासूच्या नजरेनं बघतात.

तुझी,
अक्का

---

बंगळूर,
५ डिसेंबर २००६

ती. अक्का,

शाब्बास! परवानगीचं तू स्वतः शोधलंस? इथं इंजिनिअर पोरं दिवसभर डोकं धरून बसतात त्यापायी.

प्रश्नचिन्हांचं असं आहे की डेटाबेस इंग्रजी अक्षरांच्या बेतानं तयार झालाय. तो पुसून पुन्हा कर आणि करताना युनिकोड निवड. कसं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. नावं लपवायची सोय त्यात आहे, मी ती चालू करून ठेवतो. नंबरवरून निरोप पाठवता येईल, नाव नाही कळणार. तुझी सूचना झकास आहे.

आता प्रोग्रामची परीक्षा घ्यायची. दहाबारा खोट्या नोंदी भर. काहीही भर. लांबलचक नावं, चमत्कारिक अपेक्षा, सगळं. खरी माणसं यायच्या आधी आपणच त्याला छळायचं.

इंद्रा

---

इनामगाव,
२० डिसेंबर २००६

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद.

मराठी दिसायला लागलं! सोपानरावांना त्यांचंच नाव पडद्यावर दाखवलं तर चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. आता फायली बऱ्या असं म्हणत नाहीत.

बटणं, सूचना, आपोआप जाणाऱ्या निरोपांची वाक्यं, सगळं मी मराठीत केलं. नोंदीही भरल्या. एक नवरदेव सहा फूट नऊ इंच केलाय. एकाची अपेक्षा लिहिलीय, मुलीला ट्रॅक्टर यावा.

अकरा नंबरची नोंद जरा बघ. ती कशी वाटते ते कळव. अशी स्थळं आपल्या मंडळाच्या साइटवर घ्यावीत का, तुझं मत हवंय. सोपानरावांना विचारलं नाही.

पूनमला ग्रहपाठाला तारा मिळाला. तो कपाळावर चिकटवून झोपली.

अक्का

---

बंगळूर,
२ जानेवारी २००७

ती. अक्का,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तुझ्या नोंदी वाचून पोट धरून हसलो. आणि अकरा नंबर म्हणजे कळस! नाव काय, तर धुरपदा. आता कुणाचं असतं गं धुरपदा नाव? वय एकतीस, विधवा, एक मुलगी, बारावी पास. आणि अपेक्षा, 'मुलगी माझ्याबरोबर राहील. बाकी काही नाही.' मी शेजारच्या टेबलावरच्या मित्राला वाचून दाखवलं. आपल्यात कुठल्या बाईनं असलं स्थळ स्वतःच्या हातानं नोंदवलंय? आणि लेकरासकट कोण करून घेतो? पण तुला मानलं. असली वाकडी केस घातल्याशिवाय प्रोग्रामची परीक्षा होत नाही. घ्यायला हरकत काहीच नाही, येणार कोण हाच प्रश्न.

मी सगळं आता पुण्यातल्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवलंय, म्हणजे कुठूनही दिसेल. सोपानरावांनी मंडळाच्या बाहेरगावच्या काही सभासदांना चाचणीसाठी पत्ता दिलाय. तेही आपापल्या खऱ्याखोट्या नोंदी टाकून बघतील. उद्घाटनाच्या आधी चाचणीचं सगळं पुसून पाटी कोरी करीन.

इंद्रा

---

इनामगाव,
२५ जानेवारी २००७

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद.

तू हसलास, तुझी करमणूक झाली.

साइट नीट चालते. पान उघडायला वेळ लागतो, पण उघडतं. चाचणीतल्या माणसांनी पाठवलेले निरोप पोचतात. ते खरे धरायचे का?

पाटसच्या आत्याच्या पुतणीचं दुसरं लग्न झालं, तिची पोरं आजोळीच ठेवली. त्यावरून ओसरीवर बोलणं निघालं. आबा म्हणाले, "पोरांना आपलं म्हणणारा आसंल, तर मी सुदिक आडवा येणार न्हाई. पर तसला मानूस दावा मला." अत्याबाई उठून आत गेल्या. मी भाकरी थापत होते, माझी भाकरी करपली.

इंद्रजीत, ते चाचणीचं लगेच पुसू नकोस. माझं अजून थोडं बघायचं राहिलंय. पुसायच्या आधी मला विचार.

अक्का

---

बंगळूर,
१२ फेब्रुवारी २००७

ती. अक्का,

घाईत आहे. सोपानरावांचा शनिवारी फोन आला. वधू-वर मेळावा अठरा तारखेला दौंडला ठरला आणि त्यातच साइटचं उद्घाटन. पाहुणे मोठे आहेत, मागं सरता येत नाही. तुझं काही बघायचं राहिलं होतं ना? मी काल रविवारी बसून सगळं स्वतः तपासलं. एकही चूक नाही. मग सगळ्या खोट्या नोंदी आणि निरोप पुसून टाकले. आमच्या सहा फूट नऊ इंची नवरदेवाला निरोप देताना वाईट वाटलं. सभासदांनी खऱ्या म्हणून टाकलेल्या नोंदी तेवढ्या ठेवल्यात.

मेळाव्यात कॉम्प्युटरवर तूच बस. ती साइट माझ्यापेक्षा तुझी आहे, हे मी सोपानरावांना ठणकावून सांगितलंय.

इंद्रा

---

इनामगाव,
२० फेब्रुवारी २००७

इंद्रजीत,

मेळावा झाला. गर्दी होती. मला शाल दिली. तुला कळवायचं म्हणून कळवलं.

आता दुसरं. तुला राग आला तर येऊ दे, मला आलाय तो मी गिळणार नाही.

अकरा नंबर मी होते.

नाव खोटं, वयात थोडा फरक केला, बाकी सगळं माझं. तुला ओळखू आलं नाही. मी तुला दोष दिला नसता, पण पुन्हापुन्हा वाटतं, ह्याला कसं ओळखू आलं नाही? तुझ्या मनातच कधी आलं नाही रे. तुझ्या बहिणीला असं काही वाटत असेल, हे तुझ्या मनात यायलाच जागा नव्हती. आणि तू ते मित्राला वाचून दाखवलंस.

जानेवारीत एक निरोप आला होता. नंबर अठराकडून. रेल्वेत आहेत, कुर्डुवाडीला. बायको काविळीनं गेली. लिहिलं होतं, 'माझा मुलगा दुसरीत आहे. तुमची मुलगी कोणत्या वर्गात आहे? जवळच जिल्हा परिषदेची शाळा आहे, दोघं बरोबर जातील.' एवढंच. हुंडा नाही, रंग नाही, उंची नाही. ऑफिसात कुणी नसलं की मी तो उघडून वाचायचे. मला काय वाटायचं ते तुला कसं सांगू? तीन वर्षांत माझ्या पूनमचा वर्ग कुणी परक्या माणसानं विचारला नव्हता.

मी लगेच होकार दाबला नाही. आबांच्या पाठीमागं करायचं नव्हतं. धीर गोळा करायला दिवस गेले. शेवटी त्या रविवारी आबांना गोठ्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्यानं पोरीचं इचारलं का आपनहून? मंग बोलीव त्याला. मी बगतो." इंद्रजीत, मी आबांच्या पाया पडले. सोमवारी पहिली जीप पकडून ऑफिसात गेले, साइट उघडली, तर अकरा नंबर नाहीच. निरोप नाही. मला आधी वाटलं मीच चुकीचा पासवर्ड टाकला.

तुला म्हटलं होतं, पुसायच्या आधी मला विचार.

त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. नावं दिसू नयेत असं मीच सांगितलं होतं ना. सोपानरावांना विचारलं तर सगळ्या दौंडला कळेल, आणि पुन्हा नोंद करून अठराला लिहावं तर उद्घाटनापासून प्रत्येक नवी नोंद आधी तेच तपासतात. आबा रोज विचारतात, "आलं का काय उत्तर?" त्यांना काय सांगू?

अक्का

---

बंगळूर,
१२ मार्च २००७

अक्का,

पत्र कितीतरी वेळा लिहिलं आणि फाडलं. मी गाढव आहे. माफी मागायलाही तोंड नाही. तुझ्या हातचं खाऊन वाढलो आणि तुला ओळखलं नाही.

सगळं उलथंपालथं करून शोधलं. पुसलेलं परत येत नाही. बॅकअप घेतला नव्हता. खोट्या नोंदींचा कशाला घ्यायचा, असं वाटलं.

पण आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती तुझ्यापासून लपवणार नाही. नोंद पुसली की तिला निरोप पाठवणाऱ्याला हा प्रोग्राम आपोआप मेल पाठवतो. मी ते बंद करायला हवं होतं. अठरा नंबरला त्या दिवशी मेल गेलीय. त्यात लिहिलंय, 'या स्थळाकडून नकार आला आहे. आपणांस योग्य स्थळ लाभो.'

म्हणजे त्या माणसाला वाटतंय, तू नाही म्हणालीस.

मेल गेली म्हणूनच एक चांगलंही झालं. त्यांचा मेलचा पत्ता सर्व्हरवर मिळाला, नावही मिळालं. जालिंदर. सोबतच्या चिठ्ठीवर दोन्ही लिहिलंय. मला वाटलं होतं, लगेच त्यांना लिहावं की चूक माझी आहे, नकार खोटा आहे. मेल लिहूनही ठेवली. पण पाठवली नाही. तुला न विचारता आता मी एक बटणसुद्धा दाबणार नाही, अक्का, शप्पथ. तू फक्त एका ओळीत 'पाठव' म्हणून कळव. त्या घटकेला पाठवतो. नाहीतर तूच लिही, ते जास्त चांगलं. मी सुट्टी काढून येतो, आबांशी बोलतो, कुर्डुवाडीला जातो, म्हणशील ते करतो.

लवकर कळव.

इंद्रा

---

इनामगाव,
८ एप्रिल २००७

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल हातात पडलं. हर्षदा माहेरच्या जत्रेला गेली ती तीन आठवडे तिकडंच राहिली, परवा आली. पत्र तिच्या दाराच्या फटीतून आत पडलेलं होतं. तू वाट बघून बघून काय काय मनात आणलं असशील. रागावून गप्प बसले नव्हते.

आता ती मेल पाठवू नकोस. कारण सांगते.

मागच्या आठवड्यात ते ऑफिसात येऊन गेले. लग्न जमलं की मंडळात पेढे द्यायचे आणि आपली नोंद काढून घ्यायची, असा सोपानरावांनी नियमच केलाय. कुर्डुवाडीहून पॅसेंजरनं आले होते, बरोबर त्यांची मावशी. सोपानरावांनी त्यांना माझ्यापुढच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "अनिता, ह्यांची नोंद काढ. आपल्या साइटवरचं पहिलं जमलेलं लग्न हाय." मी नंबर विचारला. ते म्हणाले, अठरा.

उंच नाहीत. कानाशी केस पिकलेत. शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मी मान वर करून एकदाच बघितलं.

मावशीच बोलत होत्या. केडगावची मुलगी आहे. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं टाकली, सहा वर्षं भावाच्या दारात राबत होती. "आता माझ्या नातवाला आई मिळंल आन् तिला घर," म्हणाल्या. मग ते हळूच म्हणाले, "पहिलं एका ठिकाणी इचारलं हुतं. त्यास्नी मुलगी हुती. मी पोराला सांगून बसलो हुतो, तुला बहीण येनार म्हून. नकार आला. लई लागलं मनाला. पर त्यांचं बी काय तरी आसंलच की."

इंद्रजीत, माझ्या ओठावर आलं होतं. नुसतं 'ती मी' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण केडगावची ती बाई डोळ्यापुढं आली. तिनं साडी घेतली असेल. भावजयीला सांगून मोकळी झाली असेल की मी चालले. तिच्या तोंडचा घास मी कसा काढू? मला माहीत आहे ना ते काय असतं. मी गप्प राहिले. गप्प राहणं मोठं असतं असलं काही मला लिहू नकोस. घरी येऊन न्हाणीघरात बादलीचा नळ सोडून रडले.

त्यांची नोंद मी काढली. मग त्यांनी पेढा पुढं केला, "घ्या ताई." घेतला. जीपमध्ये कुणी काही विचारू नये म्हणून मी गळ्यात काळी पोत घालते, ती त्यांना दिसली असेल. म्हणाले, "तुमचे मालक काय करत्यात?"

मी म्हटलं, "शेती."

"पोरं?"

"एक मुलगी. पहिलीत आहे."

पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाले, "लग्नाला दोघं बी या, तिला घेऊन." मी व्हय म्हटलं, आणि बाहेर पुढचं स्थळ थांबलं होतं, त्याला आत बोलावलं.

तुझी,
अक्का